बीजांडाची हाक

जुळे सोलापूर,
१४ जून २०२३

इंद्रायणी,

नावाआधी 'प्रिय' लिहून झालं होतं. मग तो कागद बाजूला ठेवला आणि हा नवा घेतला.

पोस्टाने पत्र येईल असं तुला वाटलं नसेल. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, आणि मेल एका बोटाने पुसता येतो. कागद निदान फाडावा लागतो, आणि फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच. पत्ता तुझ्या हैदराबादच्या संस्थेच्या वेबसाइटवर मिळाला. तिथे तुझा फोटोही आहे, हसतेयस. खाली लिहिलंय, 'डाळिंबातील परागनलिकेच्या दिशाशोधनावरील कामासाठी ओळखल्या जातात.'

ओळखल्या जातात!

तुझा निबंध छापून आला तेव्हा मी त्याचं पहिलं आणि शेवटचं पान एवढंच पाहिलं होतं. पहिल्या पानावर लेखक दोन: तू आणि आपले गाइड चनबसप्पा सर. शेवटच्या पानावर आभार. 'डाळिंबाची फुले पुरवल्याबद्दल श्रीमती वि. सि. बंडगर, ता. सांगोला, यांचे आभार.' मधलं वाचायची गरज नव्हती. ते मीच केलेलं होतं.

फुले पुरवल्याबद्दल. सांगोल्याहून सुटणारी पहिली एसटी पकडायला आबा मला मोटरसायकलवरून स्टँडवर सोडायचे. ओल्या फडक्यात गुंडाळलेली फुलं स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर. लॅबमध्ये पोचेपर्यंत ती कोमेजली तर दिवस वाया. दोन बहार मी हे केलं, आणि डबा टेबलावर ठेवून निघून गेले नाही, इंद्रायणी. त्या फुलांचा कुक्षिवृंत ब्लेडने कापायला तुला कोणी शिकवलं? तुझ्या हातात तो चेंगरायचा. परागकण कुक्षीवर पडतो, त्यातून केसाहून बारीक नळी फुटते, ती आतून वाढत वाढत बीजांडापर्यंत जाते, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. तिला डोळे नाहीत, मग शेवटच्या टप्प्यात नेमक्या बीजांडाकडे ती वळते कशी, हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला होता? सर म्हणाले होते, 'बीजांडाजवळच्या दोन सहायक पेशी रसायन सोडतात, ती हाक असते. बाहेरच्या देशांत हे दुसऱ्या झाडांवर दाखवून झालंय.' मी म्हणाले होते, 'सर, मग आमच्या बागेत मार्चच्या उन्हात उमललेली मादी फुलं फळ न धरता का गळतात? पराग चांगला असतो. नळी पोचते. मग हाकच बंद होत असेल तर?'

तेव्हा तू माझ्या शेजारी बसून वहीच्या कोपऱ्यात मोर काढत होतीस.

काल मी पहिल्यांदा मधली पानं वाचली. आकृती तीन आणि आकृती पाच. मला दिसलं. काय दिसलं ते आत्ता सांगत नाही. तूही बघत बस.

विजयमाला


जुळे सोलापूर,
२ ऑगस्ट २०२३

इंद्रायणी,

तू उत्तर दिलं नाहीस, पण चनबसप्पा सरांचा फोन आला. म्हणजे पत्र पोचलं आणि वाचलं गेलं. तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा फोन केला.

'अगं विजयमाला, झालं गेलं सोडून दे की. तुझी पीएच.डी. राहिली याचं मलापण वाईट वाटतंय. तू परत येते म्हटलं असतंस तर मी घेतलं असतं.'

'सर, लॉकडाऊन उठल्यावर मी तुम्हाला दोन पत्रं लिहिली होती.'

'त्या गडबडीत कुणाची पत्रं कोण वाचत होतं?'

'आकृती पाचचा मूळ फोटो तुम्ही पाहिलाय का, सर?'

ते म्हणाले, 'फोटोचं सगळं इंद्रायणी बघायची.'

बघ, किती पटकन सोडलं तुला.

आता सांगते. आकृती तीनमध्ये सकाळच्या गारव्यातल्या फुलाचं बीजांड आहे, आणि नळी त्याच्याकडे वळलेली आहे. तो फोटो माझा आहे. त्या बशीत, फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, एक कुरळा तंतू दिसतो. तू कदाचित ती घाण समजून सोडून दिली असशील. ती लोकर आहे. आमच्या घरात मेंढरं आहेत, मी घरून आले की माझ्या ओढणीला, पिशवीला लोकर असायचीच. तू त्यावरून मला चिडवायचीस, 'विजू, तुझ्यासोबत अर्धा कळप आलाय.' आकृती पाचमध्ये उन्हाने भाजलेल्या फुलाचं बीजांड असायला हवं, ज्याच्या बाजूने नळी सरळ निघून जाते. तिथेही तोच तंतू आहे, फक्त खालच्या कोपऱ्यात आणि उलटा. तू एकाच बशीचा फोटो फिरवलास, त्यातली दुसरीच, सरळ गेलेली नळी दिसेल तेवढाच भाग कापून घेतलास, आणि दुसऱ्या प्रयोगाचा म्हणून छापलास.

दोन्ही आकृत्या शेजारी ठेवून, तंतूभोवती लाल गोल करून, मी नियतकालिकाच्या संपादकांना आणि विद्यापीठाला तक्रार पाठवली आहे. पोच आली. पोचेची झेरॉक्स सोबत जोडते आहे, तुझ्या संग्रही असावी म्हणून.

इथे पाऊस नाही. उकाड्याने डोकं उठतं. पण गेले आठ दिवस मला झोप छान लागते.

विजयमाला


जुळे सोलापूर,
२० नोव्हेंबर २०२३

इंद्रायणी,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. अक्षर अजून तसंच गोल आहे. चौकशी समिती नेमल्यावरच तुला माझी आठवण आली, तरी असो.

तू लिहिलंयस, 'मी तुला फोन केला होता. पेपरबद्दल विचारलं होतं. तूच म्हणालीस, कर तुला काय करायचं ते.'

व्हय. म्हणाले होते.

हे मी तक्रारीत लिहिलेलं नाही, आणि समितीपुढेही आपणहून सांगणार नाही. पण तुझ्यापुढे नाकारत नाही. तारीखही सांगते, एकोणतीस ऑगस्ट दोन हजार वीस. फुलाबाई बंडगर, माझी आई, पंचवीस ऑगस्टला सोलापुरात वारली. आम्हाला तोंड बघू दिलं नाही. आबा हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर दिवसभर उकिडवे बसून होते. चौथ्या दिवशी तुझा फोन आला. तू आधी 'कळलं गं, फार वाईट झालं' म्हणालीस, ते खरं मनापासून होतं, हे मला आजही वाटतं. मग म्हणालीस, 'विजू, शेवटच्या दिवसाचे फोटो तुझ्याकडच्या कार्डात राहिलेत. सर घाई करतायत. पाठवतेस का?'

मी म्हणाले, 'कर तुला काय करायचं ते. मला काही नको त्यातलं.' आणि फोन ठेवला.

तू त्याला परवानगी समजलीस. चार दिवसांपूर्वी आई गेलेल्या मुलीच्या तोंडून निघालेलं ते वाक्य तू नीट घडी करून ठेवलंस, आणि आज तीन वर्षांनी उघडून दाखवतेयस. महिनाभर थांबली असतीस तर काय झालं असतं? एकदा अंगणात येऊन उभी राहिली असतीस तर? तू आमच्या घरी चार वेळा जेवलीयस. आईने तुला बाजरीची भाकरी थापायला शिकवली होती. ती तुझी गोल व्हायची नाही आणि आई म्हणायची, 'ऱ्हाऊ दे पोरी, चंद्र तरी रोज कुटं गोल असतो?'

तिने असं म्हटलेली मुलगी माझं नाव पुसेल असं मला कधी वाटलं नाही.

तू पुढे लिहितेस की सरांनीच माझं नाव काढायला लावलं, 'ती आता परत येणार नाही' म्हणून. असेल. पण लेख पाठवताना बटण तू दाबलंस. माफी मागतेस ती कशाची मागतेस हेही नीट लिहिलेलं नाहीस. 'जे घडलं त्याबद्दल.' जे घडलं ते आपोआप घडलं नव्हतं, इंद्रायणी.

आठ जानेवारीला सकाळी अकराला विभागात बोलावलं आहे, आपल्या दोघींना आणि सरांना. येताना स्वेटर आण. आपल्या त्या खोलीत अजून ऊन येत नाही.

विजयमाला


जुळे सोलापूर,
९ जानेवारी २०२४

इंद्रायणी,

काल तुला पाहिलं. बारीक झालीयस. तीन वर्षं मी मनात तुझ्याशी भांडत होते, त्या भांडणातली तू चांगली धिप्पाड होतीस.

समितीतल्या बाईंनी तुला विचारलं, 'आकृती पाच ही आकृती तीनच्याच बशीची आहे, मान्य आहे?'

तू म्हणालीस, 'हो मॅडम. चुकलं माझं. पण प्रयोग खोटा नाही. उन्हातल्या फुलांची बशी आम्ही एकोणीस मार्चला लावली होती. नळ्या सरळ गेल्या. मी डोळ्यांनी पाहिलंय. फोटो विजयमालाने काढला होता, तो तिच्याकडे आहे. मला मिळाला नाही म्हणून मी... म्हणून हे केलं.'

मग त्या माझ्याकडे वळल्या. 'असा फोटो तुमच्याकडे आहे का?'

मी म्हणाले, 'नाही.'

'कधी काढला होता?'

'नाही मॅडम. ती बशी नासली होती. बुरशी आली होती. तिचा काही निष्कर्षच निघाला नव्हता.'

सर खाली बघत होते. त्यांना त्या बशीबद्दल काही माहीतच नव्हतं, ते त्या आठवड्यात लॅबमध्ये फिरकलेही नव्हते. तू माझ्याकडे बघत राहिलीस. आरडाओरडा करशील, खोटारडी म्हणशील असं वाटलं होतं. तू समोरचे कागद नीट लावून ठेवलेस.

बाहेर व्हरांड्यात मात्र तू मला गाठलंस. 'विजू, बाकी राहू दे. मला शिक्षा होऊ दे. पण ते खरं आहे ना?'

मी तुझ्या बाजूने निघून गेले.

खाली उतरून रस्त्याकडेच्या गाड्यावर चहा घेतला. एक संपल्यावर दुसरा घेतला. चव लागत होती. हे तुला मुद्दाम लिहिते, कारण तुला वाटत असेल की मला आतून काहीतरी टोचत असणार. नाही. मला फार बरं वाटत होतं.

विजयमाला


जुळे सोलापूर,
२७ जुलै २०२४

इंद्रायणी,

पत्र पंढरपूरच्या पत्त्यावर पाठवते आहे. निबंध मागे घेतल्याची नोटीस वाचली. हैदराबादची नोकरी गेल्याचंही कळलं, आणि तू आता वडिलांच्या घराशेजारच्या खोलीत बारावीच्या मुलींची शिकवणी घेतेस हेही. सर निवृत्त झाले, त्यांना निरोप समारंभात शाल मिळाली. ते मला आवडलेलं नाही. माझा हिशेब त्यांच्याशीही होता आणि ते सहीसलामत सुटले.

हे पत्र कशाला लिहायला घेतलं ते मला नीट माहीत नाही. मागच्या आठवड्यात गावी गेले होते. तुमचा निबंध आल्यानंतर कृषी खात्यातल्या एका साहेबांनी आमच्या भागात सहा बागांत झाडांवर सावलीची जाळी लावून बघायला घेतली होती. फुलं असताना मार्चचं ऊन अडवायचं, एवढंच. हे मला ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं का? त्यांतली एक बाग आबांची. या उन्हाळ्यात निबंध रद्द झाल्याचं त्या साहेबांना कुणीतरी कळवलं, आणि माणसं येऊन जाळी काढून घेऊन गेली.

आबा मला झाडाजवळ घेऊन गेले. फांदी हातात धरून म्हणाले, 'माले, हे बघ. जाळीखालच्या झाडास्नी फळ धरलं हुतं की. मागल्या साली आन् औंदाबी. त्या उघड्या वळीला न्हाय धरलं. मग ते खोटं हाय म्हून कोन म्हनतंय?'

'तपासलंय आबा. मोठ्या माणसांनी तपासलंय.'

'त्यांनी झाड बघितलं का?'

मी म्हणाले, न्हाय.

'मग तू बघ की. तू शिकलीस न्हवं त्यातलं?'

मी त्यांना म्हणाले की मला एसटी गाठायची आहे.

विजयमाला


जुळे सोलापूर,
१२ मार्च २०२५

इंद्रायणी,

फोटो आहे. एकोणीस मार्चच्या बशीचे एकवीस फोटो, वेळेसकट, त्याच कार्डात. कार्ड माझ्या पत्र्याच्या पेटीत, आईच्या लुगड्याच्या घडीत होतं. समितीपुढे मी 'नाही' म्हणाले तेव्हाही तिथेच होतं. बुरशी आली नव्हती. नळ्या सरळ गेल्या होत्या, तू पाहिलंस तशाच.

मी खोटं बोलले. तू एक फोटो फिरवलास, मी अख्खा प्रयोग पुसला. तोही माझाच. तुला मारायला मला दुसरं काही मिळालं नाही, आणि त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही हे मागे लिहिलंच आहे.

आज सकाळी मी समितीला पत्र पाठवलं. सगळे फोटो जोडले आणि मी काय केलं ते सरळ लिहिलं. त्यांनी मी शिकवते त्या ज्युनिअर कॉलेजला कळवलं तर माझीही नोकरी जाईल. तुझा निबंध यामुळे परत येणार नाही, फिरवलेला फोटो फिरवलेलाच राहील. पण तू बोललीस ते खरं होतं, एवढं कागदावर येईल. यात तुझा फायदा होतो याचा मला राग येतो. पत्र पेटीत टाकताना हात मागे आला होता. एकदा नाही, दोनदा. मी ते तुझ्यासाठी केलेलं नाही. या बहारात आबांच्या बागेवर जाळी नाही आणि फुलं गळून आळ्यात पडलीत, मी रविवारी ती बघितली, म्हणून केलं.

आणखी एक. समितीला जुने फोटो पुरणार नाहीत हे मला कळत होतं. आता माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून परवा सोमवारच्या सुट्टीत मी प्रयोग परत लावला. आमच्या ज्युनिअर कॉलेजची लॅब, एकच बरा मायक्रोस्कोप, त्याच्या भिंगावर रबराने बांधलेला माझा मोबाइल. आदल्या दिवशी गावाहून फुलं आणली होती, झाडावरच पराग लावून. शिपाई सिद्रामप्पांनी खोली उघडून दिली आणि ते दारात पेपर वाचत बसले.

दोन बश्या. एकीत उन्हात भाजलेल्या फुलाची बीजांडं, दुसरीत मी स्वतः ओल्या गोणपाटाने सावली केलेल्या फुलाची. कापलेल्या कुक्षिवृंतातून नळ्या बाहेर यायलाच दुपारचे दोन वाजले. पहिल्या बशीत त्या बीजांडांच्या अंगावरून सरळ गेल्या, जणू तिथे कुणी नाहीच. ते मला माहीतच होतं. दुसऱ्या बशीत एक नळी पुढे आली आणि थांबली. तीन चाळीसला थांबली. टोक हलेना. मला वाटलं, गेली. मी गोणपाट उशिरा टाकलं, की ब्लेड बोथट होतं, की पाच वर्षांत हात बिघडला. तू असतीस तर म्हणाली असतीस, थांब गं, घाई करू नकोस. तुझ्यात तेवढं एक चांगलं होतं, तू थांबायचीस.

तीन पन्नासला टोक जरासं डावीकडे झुकलं. मग आणखी. मग ती पूर्ण वळली, इंद्रायणी, आणि नीट त्या बीजांडाच्या तोंडात गेली.

मी ओरडले. सिद्रामप्पा पेपर टाकून धावत आले. त्यांना खुर्चीवर बसवून भिंगातून बघायला लावलं. बराच वेळ एक डोळा मिटून ते बघत होते.

'काय दिसतंय, सिद्रामप्पा?'

'मॅडम, दोरा हाय एक. वाकडा.' मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'तुमी रडालाव का?'

त्यांना सांगायला लागले, पण ते सांगून होत नाही. आबांना फोन केला, ते म्हणाले, 'बरं झालं, जेवलीस का?' चनबसप्पा सरांना मी कधीच सांगणार नाही.

या पत्राचा अर्थ मी तुला माफ केलं असा काढू नकोस. केलेलं नाही, आणि करेन असंही वाटत नाही. उत्तर लिहू नकोस. पण सोबतच्या पाकिटात अकरा फोटो आहेत, दोन वीसपासून दर दहा मिनिटांचा एक. मागे वेळ लिहिली आहे, ओळीने लावून बघ. नवव्यावर जरा थांब.

विजयमाला